न शिकवलेलं विचारा

बोरी अरबमध्ये मी गणिताच्या शिकवण्या घेतो. दहावीच्या पोरांना गेस पेपर काढून देणं ही माझी ख्याती. पेपर देऊन बाहेर आलेल्या पोराला फाटकातच गाठायचं, "काय काय आलं रे?" म्हणून पिळून घ्यायचं आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना तेच घोटून घोटून पाजायचं. या धंद्यात केस पांढरे झाले. याच सवयीपायी मी माझ्या पोटच्या पोरीला एका परीक्षेत झोकात पास केलं, आणि तिची शाळा घालवली.

ती परीक्षा म्हणजे अपंगत्वाची तपासणी. अनु तेव्हा नऊ वर्षांची होती. ती जायची त्या विशेष मुलांच्या केंद्रात राहायचं तर सरकारी प्रमाणपत्र पाहिजे, आणि प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांसमोर बसायचं. आमच्या चौकात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे सलीमभाई केंद्रातल्याच त्यांच्या मुलाला घेऊन महिनाभर आधी जाऊन आले होते. त्यांना मी दुकानात गाठलं.

"सलीमभाई, काय काय विचारलं?"

"कुछ नहीं, मास्तर. पह्यले नाव इचारते. मंग बापाचं नाव. मंग गाव. मंग लाल कार्ड दाखवून रंग इचारते. मंग दहा पावतर मोजाले लावते. बस."

पेपर फुटला होता! मी हरखलो. रोज संध्याकाळी पोरं गेली की अनुला समोर बसवायचं. अनु. प्रकाश. बोरी. तांबडा. एक, दोन, तीन... चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं की मी मान डोलवायचो आणि ती खुदकन हसायची.

तपासणीच्या दिवशी बायकोनं, मंदानं, तिला नवा फ्रॉक घातला. डॉक्टरांनी त्याच क्रमानं विचारलं आणि माझी विद्यार्थिनी कुठंही अडली नाही. मग मला प्रश्न. स्वतः जेवते का? हो. कपडे घालते? हो हो. दुकानातून सामान आणते? आणते की! मागे रांगेत दारव्ह्याची ओळखीची माणसं उभी होती, त्यात माझ्याच एका विद्यार्थ्याचा बाप. त्याच्यासमोर 'नाही' म्हणायला माझी जीभ वळेना. मंदानं मागून पाठीला चिमटा काढला, तो मला शाबासकीसारखा वाटला.

"छान तयारी आहे," डॉक्टर म्हणाले. मी बसस्टँडवर जिलबी घेतली.

प्रमाणपत्र आलं. अपंगत्व पंचवीस टक्के. केंद्राला चाळीसच्या खालचं मूल घेता येत नव्हतं.

ताप

आता मुळापासून सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कदाचित आज दवाखान्याच्या तशाच एखाद्या वॉर्डात बसलेलं असेल.

अनु चार वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात तिच्याशिवाय कुणाला बोलायला जागा नसे. पेरण्या झाल्या त्या आठवड्यात तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी डोळे वर गेले, हातपाय ताठले. सलीमभाईंनी कुणाची तरी जीप आणली आणि आम्ही यवतमाळचा मोठा दवाखाना गाठला. मेंदूज्वर, असं तिथं कळलं. मी मास्तर. मी विचारलं, "डॉक्टर, किती टक्के बरी होईल?"

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. "आधी वाचू द्या," म्हणाले.

त्या दिवसांतलं आठवतं ते असं. सकाळी झाडूवाली आली की सगळ्या नातेवाइकांनी बाहेर जायचं. बाहेर सगळे बाप एका भिंतीला टेकून उभे, कुणी कुणाकडं बघायचं नाही. आत आलं की ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. फडकं गरम होतं की आपला हात, ते कळत नसे. शेजारच्या खाटेवर फुलसावंगीच्या एका बाईचा मुलगा होता. ती मला म्हणाली, "दादा, जा, चहा पेऊन या. मी हाओ पोरीजवळ." तिचा मुलगा आमच्याआधी घरी गेला, चालत गेला. जाताना ती स्वतःची चटई मंदाला ठेवून गेली. त्या चटईवर मंदा पहिल्यांदा पाठ टेकून झोपली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.

अनु वाचली. घरी आणली तर शब्द सगळे दवाखान्यातच राहिले होते. घास तोंडाशी नेला तरी चावायचं असतं हे तिला नव्यानं कळायला लागलं. मधूनच झटके यायचे. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे, भरून निघेल.

खरं काय ते बऱ्याच महिन्यांनी कळलं. फेरतपासणीला गेलो होतो. व्हरांड्यात एक मोठे डॉक्टर घाईत चालले होते. चालता चालता त्यांनी कागद पाहिले, म्हणाले, "बुद्धीची वाढ वयाच्या मागंच राहील. गोळ्या बंद करू नका." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढी मोठी गोष्ट सांगताना त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. त्यांना कामं होती हे मला कळतं. तरी मला राग आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

घरात माझी आई म्हणे, पोरीला उन्हात वावरात नेलं म्हणून झालं. म्हणजे मंदामुळं. मंदा त्यावर भांडी जरा जोरात ठेवी. आणि मी काय करत होतो? शिकवणीच्या खोलीत दार लोटून त्रैराशिक शिकवत होतो. ज्या पोरांना ते येत होतं, त्यांनाही.

दोन खोल्या

केंद्र दारव्ह्याला होतं, एका दालमिलच्या मागच्या दोन खोल्यांत. चालवणाऱ्या वैशालीताई विशेष शिक्षणाचा कोर्स केलेल्या, आवाज लाउडस्पीकरचा. पहिल्या भेटीत मी अनुची फाईल पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मंदाला विचारलं, "तुम्ही माहेरी शेवटच्या कधी गेल्या होत्या?"

मंदाला आठवेना. आठवेना म्हणून ती रडायला लागली. मी खिडकीतून तुरीच्या डाळीचा ढीग बघत राहिलो.

"शनिवारी लेकरू इथं ठेवा अन् जाऊन या," ताई म्हणाल्या. "तेही आमचंच काम आहे."

ते खरंच त्यांचं काम होतं. ताई घरी यायच्या, अनुनं ताट कुठं ठेवायचं ते दाखवायच्या, माझ्या आईला समोर बसवून झटका आला तर काय करायचं ते शिकवायच्या. त्यानंतर आई उन्हाचं नाव काढेनाशी झाली. महिन्यातून एकदा पालकांची बैठक असे. मला वाटलं होतं तिथं सगळे रडत असतील. पहिल्याच बैठकीत सलीमभाई म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी बटन लावते. माझा पोट्टा बटन खाते!" आणि सगळे आईबाप पोट धरून हसले. घराबाहेर आमच्या लेकरांवर हसणारे पुष्कळ होते. आमच्याबरोबर हसणारे तिथंच भेटले.

दोन वर्षांत अनु चप्पल घालायला शिकली, डबा उघडायला शिकली, थोडं थोडं बोलायला लागली. झटके कमी झाले. आणि मंदा शनिवारी दिग्रसला माहेरी जाऊन हिरव्या बांगड्या भरून परत यायची. ज्यांच्या घरी असं लेकरू नाही त्यांना या बांगड्यांची किंमत कळायची नाही.

मग नियम आला. अनुदान पाहिजे तर फक्त प्रमाणपत्राची मुलं, चाळीसच्या वरची. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

साहेब बैठकीला गेलेत

पंचवीस टक्क्यांचा कागद पाहून वैशालीताईंनी डोक्यावर हात मारला. "मास्तर, मुलीला मदत किती लागते ते पाहायला बसले होते ते! तुम्ही तिला बोर्डाच्या परीक्षेला बसवलं?"

"ठेवून घ्या ना ताई, तुमच्या जबाबदारीवर."

"ठेवीन. पण वरून कुणी पाहायला आलं तर बाकीच्या लेकरांचंही बंद होईल. सांगा, ठेवू?"

मी अनुचं दप्तर उचललं.

पुन्हा तपासणी व्हावी म्हणून मी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायला लागलो. ती सगळी कापसाची वर्षं. बोंडअळी, पडलेले भाव, फवारणीत विषबाधा झालेली माणसं. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज. साहेब कापसाच्या बैठकीला गेलेत. साहेब पंचनाम्याला गेलेत. साहेबांकडं मुंबईहून पाहुणे आलेत. वावर माझ्या भावाकडं आहे, त्या वर्षी त्याच्या वावरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा ती दुःखं खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक दुःख मोजायला माणसं कमी पडतात म्हणून दुसऱ्याला दारातच उभं ठेवायचं, हा कुठला न्याय?

एकदा असाच एक पाहुणा आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायला. हातात वही. "शेती किती?" त्यानं विचारलं. म्हटलं, शेती भावाकडं, मी शिकवणीवाला. त्यानं वही मिटली. अनु त्याच्या गुडघ्याला धरून उभी होती. तिच्याबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. तिच्या हातातली लाळ लागलेली विजार मात्र हळूच सोडवून घेतली.

आणि कचेरीच्या खिडकीमागचा तो कारकून! "अहो मास्तर, पंचवीस म्हणजे चांगलंच आहे की. जास्त आले म्हणून लोक रडतात, तुम्ही कमी आले म्हणून रडता?"

मी त्याला म्हटलं, "म्हणजे लेकरू गळ्यापर्यंत बुडालं तरच हात द्यायचा? कमरेइतकं असेल तोवर काठावर बसून बघायचं?"

"नियम आहे," तो म्हणाला, आणि पान लावायला घेतलं.

टेम्पोमागं

केंद्र सुटलं आणि घर पुन्हा आवळलं. मंदाला नळावर जायचं तर अनुला दाराला बांधावं की काय, इथवर आम्ही आलो. बटणं लावायचं अनु विसरली. दुपारी ती ओट्यावर बसून राहायची. वेचणीचे दिवस होते. कापसाचे टेम्पो रस्त्यानं सरकी काढायच्या जिनिंगकडं जायचे आणि मागं पांढरे पुंजके सांडत जायचे. तिला ते फार आवडायचे.

एका दुपारी मंदा नळावर आणि मी फळ्यासमोर असताना ओटा रिकामा झाला.

गावात आमच्याकडं उघड्या विहिरी किती आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. प्रत्येक विहिरीत वाकून बघताना मी डोळे मिटत होतो. मंदा मिटत नव्हती. ती बघून पुढं जायची. सलीमभाईंनी उघडा पंप तसाच टाकून मोटारसायकल काढली. तेच शोधून आले आणि आम्हाला घेऊन गेले: अनु गावाबाहेरच्या जिनिंगच्या फाटकात, चौकीदाराच्या स्टुलावर बसली होती. फ्रॉकची ओटी करून त्यात कापूस भरलेला. चौकीदार हंगामापुरता आलेला, आमच्यापैकी कुणाला ओळखत नव्हता. तो जरा वैतागलाच होता.

"भाऊ, कव्हाचा इचारून राह्यलो. म्हनलं, गाव कोनतं बाई? तं म्हने, अनु. म्हनलं, नाव नाई, गाव! तं म्हने, परकाश. म्हनलं, माय कुठी हाय तुई? तं म्हने, बोरी. म्हनलं, पानी पेतं काय? तं म्हने, तांबडा! अन् मंग मोजालेच लागली. मले वाटलं, पोरगी मजाक करून राह्यली."

सलीमभाई हसायला गेले आणि थांबले. मंदानं माझ्याकडं पाहिलं. अनुच्या ओटीतला कापूस सांडू न देता तिला तशीच कडेवर घेतली, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि चालायला लागली.

मी मागं चालत होतो. माझ्या पोरीला गाव येत नव्हतं. तिला तिसरं उत्तर येत होतं.

उजळणी

शेवटी पुन्हा तपासणीची तारीख मिळाली. ती कशी मिळाली ते सांगत नाही, सांगायला लागलो तर शिव्या येतील.

माणसाची सवय बघा. मी पुन्हा अनुला समोर बसवलं. यावेळी नापास व्हायची शिकवणी. "नाव विचारलं ना, तर गप्प बसायचं. काय?"

"अनु," ती म्हणाली, आणि माझी मान डोलत नाही हे बघून घाबरली. पुन्हा म्हणाली, "अनु." मग स्वतःच तोंडावर हात दाबला.

मंदा पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय करून राह्यले तुमी? बोलत नवती तवा दवाखान्यात भिताडाले डोस्कं लावून रडत होते. आता बोलते, तं तिचं तोंड बंद कराले बसले? कायले शिकवता तिले हे?"

मी अनुचा हात तिच्या तोंडावरून काढला. पण मला त्या बिनचेहऱ्याच्या नियमावर आलेला राग आजही जसाच्या तसा आहे. ज्या लेकराला एकेक शब्द मिळवायला वर्षं लागली, त्याच्या बापाला हा नियम म्हणतो, त्याचे शब्द लपव, मग मदत देतो.

तपासणीला तोच हॉल, तशीच रांग. डॉक्टर मात्र या वेळी बाई होत्या. मंदानं मला आधीच दम दिला होता की तोंड उघडायचं नाही. डॉक्टरबाईंनी लाल कार्ड उचललं. "बाळ, तुझं नाव..."

"डाक्टरबाई, थांबा," मंदा म्हणाली. "ह्यायनं तिले सगळं पाठ करून ठेवलं हाय. एकामांगून एक. तुमी मधातलं इचारा. न शिकवलेलं इचारा."

डॉक्टरबाईंनी कार्ड खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"तुझं गाव कोणतं गं?"

"अनु."

"फ्रॉकवर काय आहे तुझ्या?"

"परकाश."

"पाऊस आला तर आपण कुठं जायचं?"

"बोरी."

प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्याकडं बघून हसत होती. सगळं क्रमानं, एकही चूक नाही. आणि मी, काय सांगू, माझी मान आपोआप डोलत होती. तिला वाटत होतं तिचं छान चाललंय. तसं ते चाललंच होतं.

मग आमची पाळी. जेवते का? "जेवते, पन सांडते. मले बसाव लागते." कपडे? "मांगंपुढं कळत नाई." मंदा प्रत्येक उत्तर खणखणीत देत होती, रांगेत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. मला आधी जमिनीत जावंसं वाटलं. मग वाटलं, का म्हणून? शेवटचा प्रश्न आला, दुकानातून सामान आणते का, तेव्हा मीच बोललो.

"नाही आणत."

बाहेर आल्यावर अनुनं माझा शर्ट ओढला. "बाबा, पास?"

"पास," मी म्हणालो.

वाचणाऱ्यासाठी

कागद यायला वेळ लागला, पण आला, आणि चाळीसच्या वर आला. अनु पुन्हा दालमिलच्या मागं जायला लागली. तो कागद हातात पडला तेव्हा मला आनंद झाला होता. माझ्या पोरीला जास्त येत नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून मिळाल्याचा आनंद! असा आनंद बापाला करायला लावणाऱ्या व्यवस्थेला मी माफ केलेलं नाही.

तुम्ही तपासणीला जाणार असाल तर माझं ऐका. लेकराला घोटून नेऊ नका. रांगेत कोण उभं आहे ते बघू नका. जे येतं ते येतं म्हणा, जे येत नाही ते मोठ्यानं नाही म्हणा. प्रश्न विचारणाऱ्याला चटकन पटेल ते सांगायला जिभेवर येतं, तेवढं गिळा.

आणि ज्या लेकराचं खरोखरच पंचवीस टक्के आहे, न घोटता, न लपवता पंचवीस, त्यानं कुठं जायचं? त्याच्या आईनं माहेरी कधी जायचं? हे मी त्या खिडकीवर तीनदा विचारलं आहे. साहेब अजून बैठकीत आहेत.

त्या तपासणीच्या दिवसातलं एक राहिलं. आम्ही बसस्टँडवर आलो. मागच्या वेळचा तोच जिलबीवाला, कढई तापलेली. मला काहीतरी करून त्या दोघींना खूश करायचं होतं. मी खिशात हात घातला.

"जिलबी राहू द्या," मंदा म्हणाली. "घरी गेल्यावर आंधी तिले गाव शिकवा. एकटं गाव, नावाच्या मांगून नाई. आता तिचा पेपर कोनी घेनार नाई. पन उद्या पुन्हा टेम्पोमांगं गेली, तं घरी तं आली पाह्यजे."